चक बेरीची उसनवारी

'जॉनी बी. गुड' सुरू होतं तेव्हा पहिली सतराएक सेकंदं कोणी गात नाही. नुसती गिटार. आधी ती एकटीच सुसाट सुटते, मग पियानो, बास आणि ड्रम तिला येऊन मिळतात. बारा बारांचं एक आवर्तन पुरं झालं की मगच चक बेरी तोंड उघडतो. ही रेकॉर्ड १९५८च्या मार्चअखेरीला बाजारात आली. रॉक वाजवायचं मनात घेऊन गिटार गळ्यात अडकवलेल्या पोरांपैकी या सतरा सेकंदांपाशी कधी ना कधी अडखळला नाही, असा विरळाच.

गंमत अशी की ही सतरा सेकंदं मुळात चक बेरीची नाहीतच.

१९४६ साली लुई जॉर्डन या सॅक्सोफोनवादक गायकाची 'एन्ट दॅट जस्ट लाइक अ वुमन' ही रेकॉर्ड निघाली होती. तिच्या सुरुवातीला जॉर्डनचा गिटारवादक कार्ल होगन जे वाजवतो ते आणि 'जॉनी बी. गुड'ची सुरुवात लागोपाठ लावून बघा. जवळजवळ सुरास सूर जुळतो. असं काही सापडलं की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात, एक 'चोरी' म्हणणारा आणि दुसरा 'प्रेरणा' म्हणणारा. बेरीने स्वतः मात्र लपवाछपवी केली नाही. होगनचं नाव तो मोकळेपणाने घ्यायचा, ब्लूज-गिटारवादक टी-बोन वॉकरचंही घ्यायचा. मग होगनला जवळपास कोणीच ओळखत नाही आणि बेरीचं वाजवणं थेट ताऱ्यांच्या दिशेने निघालंय, हे कसं झालं? (ताऱ्यांचं मी अलंकारिक बोलत नाहीये. तिकडे येतोच.)

उत्तराचा पहिला तुकडा कानानेच सापडतो. होगन सुटे सूर वाजवतो, नेमके आणि नेटके. बेरी तेच वळण घेतो, पण जागोजागी शेजारच्या दोन तारा एकदम छेडतो. दोन सूर एकमेकांना घासतात, त्यातून एक करकरीत, धारदार आवाज निघतो. गर्दीने भरलेल्या नाचघरात, ड्रम आणि पियानोच्या वरताण ऐकू जाईल असा. गिटार हे तोवर बहुतेक बँडमध्ये मागच्या रांगेतलं वाद्य होतं. ते पुढे येऊन गायकाच्या बरोबरीने बोलायला लागलं, त्यात या दोन तारांचा वाटा मोठा आहे.

दुसरा तुकडा पियानोत लपलेला आहे. बूगी-वूगी नावाच्या पियानोशैलीत डावा हात एकच नमुना न थांबता घोळवत राहतो, आगगाडीत बसल्यावर पायाखालून येणाऱ्या खडखडाटासारखा. बेरीने तो डावा हात उचलून गिटारवर ठेवला. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज-पंचम अशी जोडी एकदम, मग षड्ज-धैवत, पुन्हा षड्ज-पंचम, पुन्हा षड्ज-धैवत. बस, एवढंच. बोटांचं काम एका बोटाच्या फेरफाराचं. हा नमुना आधी षड्जाच्या कॉर्डवर चार बार, मग मध्यमाच्या कॉर्डवर दोन, परत षड्जावर दोन, आणि शेवटचे चार बार पंचमाकडून उतरत घरी. चार मात्रांचा एक बार धरला तर अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन झालं. ब्लूजवाले हा आराखडा कित्येक दशकं वापरत होतेच. बेरीने त्याला वेग दिला आणि गिटारच्या अंगात घातला.

हेडफोन लावून ऐकलं तर या रेकॉर्डमध्ये आणखी एक गोष्ट हाती लागते. ड्रमवर बसलेला फ्रेड बिलो हा मुरलेला ब्लूज-जॅझवाला. त्याचा हात झुलतो, एक ठोका लांब, एक आखूड. बेरीची गिटार मात्र सरळ, समान मापाच्या ठोक्यांनी पळते. दोघं एकाच वेळी दोन वेगळ्या लयींत आहेत, आणि कोणीच कोणाला शरण जात नाही. त्या ओढाताणीत गाण्याचा सगळा दम आहे. पुढे रॉकवाल्यांनी ड्रमही सरळ करून टाकला आणि बेरीची बाजू जिंकली, पण त्या जिंकण्यात हा झोका गेला तो गेलाच, असं माझं मत.

चार्ल्स एडवर्ड अँडरसन बेरीचा जन्म १८ ऑक्टोबर १९२६चा, मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसमध्ये, गुड अ‍ॅव्हेन्यू नावाच्या रस्त्यावरच्या घरात. गाण्यातल्या जॉनीचं आडनाव तिथून आलं. वस्ती कृष्णवर्णीयांची, पण खाऊनपिऊन सुखी. वडील बांधकामाची कंत्राटं घेणारे आणि चर्चमध्ये मान असलेले, आई शिकलेली, शाळेत शिकवणारी. म्हणजे लोककथेत शोभेल असं दारिद्र्य वगैरे काही नाही. १९४१ साली शाळेच्या कार्यक्रमात त्याने एक बेधडक ब्लूज गाणं म्हटलं. शिक्षकांच्या भुवया चढल्या आणि पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. तीन वर्षांनी, शाळेत असतानाच, मित्रांबरोबर त्याने कॅन्सस सिटीत दुकानं लुटली, तीही चालत नसलेलं पिस्तूल दाखवून. सुधारगृहात रवानगी झाली. सुटला तो एकविसाव्या वाढदिवशी.

पुढची काही वर्षं मोटारींच्या कारखान्यात काम, झाडलोट, आणि मग चक्क केशरचनेचं प्रशिक्षण. १९४८ साली थेमेटा सग्जशी लग्न झालं आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे अडुसष्ट वर्षं, टिकलं. त्याच्या एकूण आयुष्याकडे पाहता हे या लेखातलं सर्वात मोठं आश्चर्य मानायलाही हरकत नाही.

१९५२च्या वर्षअखेरच्या रात्री सेंट लुईसमधल्या जॉनी जॉन्सन या पियानोवादकाच्या त्रिकुटातला सॅक्सोफोनवाला आजारी पडला. नववर्षाच्या कार्यक्रमाला माणूस कमी, आणि त्या रात्री मोकळा वादक मिळणार कुठून? जॉन्सनने बेरीला बोलावलं. मिसिसिपी नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमधल्या कॉस्मोपॉलिटन क्लबात बेरी तात्पुरता म्हणून उभा राहिला आणि हळूहळू बँड त्याच्याच नावावर चालू लागला. क्लबातले श्रोते कृष्णवर्णीय, त्यांना ब्लूज हवा. बेरी मधूनच गोऱ्या खेडुतांची कंट्री गाणी म्हणायचा. आधी लोक हसले. हा कोण काळा गावठी, म्हणून कुजबुजले. मग तीच गाणी म्हण म्हणून मागे लागले. पुढे पुढे गोरे श्रोतेही नदी ओलांडून यायला लागले. कंट्री गाणी गाताना बेरी उच्चार लख्ख ठेवायचा, ब्लूज गाताना सैल सोडायचा. गायक नॅट किंग कोलचे स्वच्छ शब्दोच्चार त्याला फार आवडत. रॉक अँड रोलमधला शब्द न् शब्द कळणारा गायक इथे तयार झाला.

मे १९५५मध्ये तो शिकागोला गेला आणि मडी वॉटर्स या ब्लूजगायकाचं गाणं ऐकून त्याला गाठलं. रेकॉर्ड कुठे करू, असं विचारलं. मडीने चेस रेकॉर्ड्सच्या लेनर्ड चेसकडे बोट दाखवलं. बेरीला वाटलं हे ब्लूजवाले, त्यांना आपला ब्लूज आवडेल. चेसच्या कानांनी मात्र 'आयडा रेड' या जुन्या गावरान कंट्री गाण्यावर बेतलेली चीज उचलली. कृष्णवर्णीय माणूस कंट्री गातो, यातलं नवल त्याला बरोबर दिसलं. २१ मेला ध्वनिमुद्रण झालं, नाव बदललं, आणि 'मेबलीन' जन्माला आलं. फोर्ड गाडीतला नायक कॅडिलॅकमधून पळालेल्या प्रेयसीचा पाठलाग करतो, एवढीच गोष्ट. रेकॉर्ड दहा लाखांवर खपली आणि कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिली आली. रेडिओवर ऐकणाऱ्या अनेकांना हा गोराच वाटला. दक्षिणेतल्या एका कार्यक्रमाला तो पोचला तेव्हा आयोजकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं आणि त्याचंच गाणं दुसऱ्यांकडून वाजवून घेतलं. गीतकार म्हणून रेकॉर्डवर छापलेली नावं पाहून बेरीला आणखी एक धक्का बसला. त्यात रेडिओवरचा बडा निवेदक अ‍ॅलन फ्रीडही होता, ज्याने एक ओळही लिहिली नव्हती. वाजवा म्हणून दिलेली ही दक्षिणा. पूर्ण हक्क परत मिळायला १९८६ साल उजाडलं. पैशाच्या बाबतीत पुढे बेरी कुणावर विश्वास ठेवत नसे, त्याचं मूळ इथे असावं.

मग गाण्यांची रांग लागली: 'रोल ओव्हर बीथोव्हन', 'स्कूल डे', 'रॉक अँड रोल म्युझिक', 'स्वीट लिटल सिक्स्टीन'. विषय कुठले? शाळेची घंटा, मधल्या सुट्टीतली धक्काबुक्की, ज्यूकबॉक्सात टाकलेलं नाणं, गाडीचा अडकलेला सीट बेल्ट, स्वाक्षऱ्या गोळा करत हिंडणारी मुलगी. 'स्कूल डे' आलं तेव्हा हा गृहस्थ तिशीचा, बायकापोरांचा धनी होता आणि स्वतःची शाळा त्याने अर्ध्यावर तुरुंगापायी सोडलेली. युद्धानंतरच्या अमेरिकेत पहिल्यांदाच पौगंडावस्थेतल्या मुलांच्या खिशात स्वतःचे पैसे खुळखुळत होते. या मुलांना काय हवंय हे बेरीने बाहेरून, जवळजवळ व्यापाऱ्याच्या नजरेने हेरलं. तरी गाणी कोरडी झाली नाहीत, कारण तपशिलावर त्याचा जीव होता. गाडीचं मॉडेल, रस्त्याचं नाव, फोनवरच्या ऑपरेटरशी घातलेली हुज्जत. 'जॉनी बी. गुड'मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळच्या रानातल्या खोपटात राहणारा, अक्षरशत्रू पण गिटारबहाद्दर मुलगा आहे. मूळ ओळीत तो 'काळा' मुलगा होता. गोऱ्यांची रेडिओ केंद्रं वाजवणार नाहीत म्हणून बेरीने त्याला 'खेड्यातला' केलं. एका शब्दाच्या बदलाने गाणं सगळ्या अमेरिकेचं झालं. हे शहाणपण की तडजोड, मला आजही ठरवता येत नाही.

१९५९च्या डिसेंबरात त्याला अटक झाली. चौदा वर्षांच्या मुलीला अनैतिक हेतूने राज्याच्या सीमेपलीकडून आणल्याचा आरोप होता. पहिल्या खटल्यातल्या न्यायाधीशाने वंशद्वेषी शेरे मारले म्हणून तो निकाल वरच्या कोर्टात टिकला नाही. दुसऱ्या खटल्यातही तो दोषी ठरला आणि १९६२च्या फेब्रुवारीपासून १९६३च्या ऑक्टोबरपर्यंत तुरुंगात राहिला. न्यायाधीश वंशद्वेषी होता हे खरं, आणि मुलगी चौदा वर्षांची होती हेही खरं. चाहते पहिलं सांगून थांबतात.

तुरुंगात त्याने हिशेबाचे अभ्यासक्रम पुरे केले आणि गाणी लिहिली. त्यातलं 'प्रॉमिस्ड लँड' हे मला त्याचं सर्वात हुशार गाणं वाटतं. व्हर्जिनियातल्या नॉरफोकहून निघालेला एक गरीब मुलगा बस, आगगाडी आणि शेवटी विमान असं करत लॉस एंजेलिसला पोचतो. या प्रवासातली गावं क्रमवार लागावीत म्हणून बेरीने तुरुंगाच्या वाचनालयात अमेरिकेचा नकाशा मागितला. कैदी नकाशा मागतोय म्हटल्यावर अधिकाऱ्यांना वेगळीच शंका आली! पण खरी मेख पुढे आहे. गाण्यातली बस रॉक हिल हे गाव टाळून जाते आणि अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये बंद पडते. १९६१च्या मे महिन्यात वंशभेद मोडायला बसमधून निघालेल्या 'फ्रीडम रायडर्स'ना रॉक हिलमध्ये आणि बर्मिंगहॅममध्ये मारहाण झाली होती. गाण्यात राजकारणाचा एक शब्द नाही. ज्याला रस्ता माहीत आहे त्याला कळावं, बाकीच्यांनी नाचावं.

त्याच्या खटल्यांच्या आणि तुरुंगवासाच्या काळात समुद्रापार वेगळंच काही घडत होतं. १९६१च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर कीथ रिचर्ड्स नावाच्या मुलाला बालपणीचा ओळखीचा मिक जॅगर भेटला. जॅगरच्या काखेत मडी वॉटर्सची आणि चक बेरीची रेकॉर्ड होती. गप्पा त्यावरूनच सुरू झाल्या. जून १९६३मध्ये या दोघांच्या रोलिंग स्टोन्स बँडची पहिली रेकॉर्ड निघाली ती बेरीच्या 'कम ऑन'ची. बीटल्सनी 'रोल ओव्हर बीथोव्हन' आणि 'रॉक अँड रोल म्युझिक' आपल्या अल्बमांत घेतली. बीच बॉईजचं 'सर्फिन यू.एस.ए.' म्हणजे 'स्वीट लिटल सिक्स्टीन'ची चालच. गीतकार म्हणून बेरीचं नाव लावावं लागलं. बॉब डिलनने 'सबटरेनियन होमसिक ब्लूज'च्या मुळाशी बेरीचं 'टू मच मंकी बिझनेस' असल्याचं कबूल केलं. जॉन लेननला तर 'कम टुगेदर'पायी कोर्टाची पायरी दिसली. उसनवारीचा हिशेब आता उलट्या बाजूने भरायला लागला होता. १९८५च्या 'बॅक टू द फ्यूचर' चित्रपटाने कडी केली. त्यात भविष्यातून आलेला गोरा पोरगा १९५५च्या नाचात 'जॉनी बी. गुड' वाजवतो आणि ते फोनवरून ऐकून चक बेरीला आपली शैली सापडते. विनोद चांगला आहे, पण गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयाला रॉक अँड रोल शिकवावा हे ऐकून कार्ल होगन काय म्हणाला असता, असं मनात येतं.

आता ताऱ्यांकडे. १९७७च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. प्रत्येकावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तबकडी बसवली होती. कुठल्या परग्रहवासीयाला सापडलीच तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. तीवर ११५ चित्रं, मराठीसह ५५ भाषांतले नमस्कार आणि साधारण दीड तासाचं संगीत आहे. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाने निवडलेल्या सत्तावीस रचनांत रॉक अँड रोलची एकच: 'जॉनी बी. गुड'. लोकसंगीताचे अभ्यासक अ‍ॅलन लोमॅक्स यांनी हरकत घेतली होती की हे पोरकट संगीत आहे. पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत, अशा अर्थाचं उत्तर सेगन यांनी दिलं. त्याच तबकडीवर बीथोव्हनच्या दोन रचना आहेत, ज्याला बाजूला सरक म्हणून बेरीने १९५६ साली बजावलं होतं. आणि त्याच तबकडीवर, भारताचं म्हणून एकमेव, आहे केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या, अल्लादियाँ खाँसाहेबांकडे वर्षानुवर्षं घासून गळा तयार केलेल्या केसरबाई. ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत त्या किती कडक होत्या हे जुने रसिक सांगतात. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला; केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. शिस्तीचा कळस आणि उनाडकीचा कळस एकाच तबकडीच्या खाचांमधून आता २४०० कोटी किलोमीटरांपलीकडे निघाले आहेत. १९८९च्या ऑगस्टमध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेलं तेव्हा कॅलिफोर्नियात शास्त्रज्ञांनी केलेल्या जल्लोषात बेरी स्वतः येऊन वाजवून गेला.

पृथ्वीवर मात्र हा माणूस फार अवघड होता. तो गिटारची पेटी घेऊन एकटाच गावोगाव जाई. साथीला आयोजकाने गावातली पोरं उभी करायची, तालीम नाही, कुठली गाणी हे सांगणं नाही. बेरीची गाणी साऱ्यांना येतातच, हे त्याने गृहीत धरलेलं, आणि ते खरंही होतं. ब्रूस स्प्रिंगस्टीननेही नाव होण्याआधी अशी साथ केली आहे. पैसे आधी आणि रोख. १९७९च्या १ जूनला त्याने व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरांपुढे वाजवलं आणि पुढच्याच महिन्यात करचुकवेगिरीपायी त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली. १९९०च्या सुमारास त्याच्या रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात बायकांचं चोरून चित्रण झाल्याच्या तक्रारीवरून दावे दाखल झाले आणि तडजोडीत मिटले. अमेरिकेच्या मुख्य यादीत त्याचं पहिल्या क्रमांकावर पोचलेलं एकमेव गाणं म्हणजे १९७२चं 'माय डिंग-अ-लिंग', एक चावट बडबडगीत. ते गाणं त्याचं स्वतःचं नव्हतंच, ही आणखी एक मजा.

१९८६मध्ये, त्याच्या साठीनिमित्त, सेंट लुईसच्या फॉक्स थिएटरात मैफल झाली. लहानपणी याच थिएटरात काळा म्हणून त्याला तिकीट नाकारलं होतं. संगीताची जबाबदारी कीथ रिचर्ड्सने घेतली. त्यावरच्या चित्रपटात तालमीचा एक प्रसंग आहे: बेरी कीथला 'कॅरोल'ची सुरुवात पुन्हा पुन्हा वाजवायला लावतो, चुकतंय म्हणतो, आणि ज्याच्यामागे तोवर लाखो लोक धावलेले तो कीथ दात आवळून परत सुरुवात करतो. कीथने या मैफलीसाठी जॉनी जॉन्सनला हुडकून काढलं. तो तेव्हा म्हाताऱ्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवत होता.

याच सुमारास कीथने एक निरीक्षण मांडलं. गिटारवाल्यांची गाणी सहसा मोकळ्या तारा सापडतील अशा पट्टीत असतात. बेरीची मात्र बरीच गाणी गिटारला आडव्या जाणाऱ्या पट्ट्यांत आहेत. 'जॉनी बी. गुड'च घ्या, आपल्या पेटीवरची काळी पाच. काही गाणी काळी दोनमध्येही आहेत. या पट्ट्या पियानोवाल्याच्या आणि सॅक्सोफोनवाल्याच्या सोयीच्या. याचा अर्थ गाणी घडताना जॉन्सन पियानोवर होता, बेरी शब्द घेऊन आला आणि चाली दोघांच्या बसल्या, असं कीथचं म्हणणं.

जॉन्सनला ते पटायला वेळ लागला. २०००च्या नोव्हेंबरात, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्याने बेरीवर दावा लावला की अनेक गाण्यांत आपला वाटा आहे. २००२मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळला, पण गाणी कोणाची हे न ठरवताच. दावा करायला फार उशीर झाला, एवढ्याच मुद्द्यावर. त्यानंतरही दोघं एका मंचावर वाजवताना दिसले. जॉन्सन २००५ साली गेला, बेरी १८ मार्च २०१७ला, नव्वदीत. 'जॉनी बी. गुड'मधला जॉनी हे नाव जॉन्सनवरूनच सुचलं, असं बेरीने सांगितलं होतं. मात्र त्या रेकॉर्डवर पियानो आहे तो लफायेट लीक नावाच्या दुसऱ्याच वादकाचा.